विश्लेषण : मलजलाचा गाळ ‘शिजवून’ वायू किती वाढतो? कांदिवली-मालाडच्या गाळाचे गणित काय सांगते?

कांदिवलीतल्या एखाद्या इमारतीत सकाळी सात वाजता फ्लश केलेले पाणी रस्त्याखालच्या वाहिन्यांमधून मालाडच्या मलजल प्रक्रिया केंद्राकडे जाते. चारकोपमध्ये महापालिकेचे दिवसाला ६ दशलक्ष लिटर क्षमतेचे छोटे केंद्र आहे, पण गोरेगावपासून दहिसरपर्यंतच्या पट्ट्याचा मुख्य भार मालाडवरच पडतो. आजवर तिथे प्रामुख्याने कचरा चाळणे आणि वाळू-खडी काढणे इतकीच प्राथमिक प्रक्रिया होत होती. बाकीचे सारे खाडीत जात असे. आता नवे केंद्र उभे राहत आहे. पाणी स्वच्छ होणार, ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. मात्र पाण्यातून जी घाण वेगळी होईल तिचे काय होणार, हा प्रश्न बातम्यांमध्ये फारसा येत नाही. त्याचे उत्तर बरेचसे एका गणिती मॉडेलवर अवलंबून असते.

नवे केंद्र आले की गाळ का वाढतो?

१९ जानेवारी २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुंबईतील सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले. मालाड, भांडुप, वर्सोवा, घाटकोपर, वांद्रे, धारावी आणि वरळी ही ती सात ठिकाणे. सर्वांची मिळून क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आणि खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. यात मालाडचा वाटा ४५४ दशलक्ष लिटरचा आहे. त्याहून मोठे एकच, वरळीचे ५०० दशलक्ष लिटरचे.

आधुनिक केंद्रात मैल्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणूंना खायला घालतात. जिवाणू ते खातात, वाढतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पाणी निवळते. तळाशी बसलेला हा जिवाणूंचा थर आणि मूळ मैल्यातला जड भाग मिळून गाळ होतो. म्हणजे पूर्वी जे पाण्याबरोबर खाडीत वाहून जात होते, ते आता जमिनीवर साचणार. पाणी जितके स्वच्छ, तितका गाळ जास्त.

किती साचेल? अभियंते ढोबळ अंदाजासाठी एक घनमीटर सांडपाण्यामागे साधारण पाव किलो कोरडा गाळ धरतात. मालाडचे ४५४ दशलक्ष लिटर म्हणजे ४ लाख ५४ हजार घनमीटर. त्याला पाव किलोने गुणले की दिवसाला सुमारे ११३ टन कोरडा गाळ येतो. हा आमचा हिशेब आहे, महापालिकेचा आकडा नव्हे. पण गाळ कोरडा कधीच नसतो. यंत्रात पिळून काढल्यावरही त्यात ८० टक्के पाणी उरते. त्या ओल्या गाळाला केंद्रात ‘केक’ म्हणतात (नावावर जाऊ नका). ११३ टन कोरड्या गाळाचा केक होतो सुमारे ५६५ टन. दहा टनांच्या डंपरने हलवायचा तर रोजच्या ५६-५७ फेऱ्या. संध्याकाळी लिंक रोडवर अडकलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गाळाचे ‘पचन’ म्हणजे काय?

गाळ हवाबंद टाकीत ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवला की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्यातील सेंद्रिय भाग फोडतात आणि जैववायू तयार होतो. या वायूत साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड. याला विनॉक्सी पचन म्हणतात. गावाकडच्या गोबरगॅसमध्ये हेच घडते.

मुंबईला हे तंत्र नवे नाही, किंबहुना या शहराचा त्यातला वाटा बराच जुना आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून वायू जमा करून वापरण्याची सोय केली होती. मुंबई पालिकेचे तेव्हाचे ड्रेनेज इंजिनीअर सी. सी. जेम्स यांचे तिथले प्रयोग त्यांच्या १९०२ सालच्या ‘ओरिएंटल ड्रेनेज’ या पुस्तकाशी जोडलेले आहेत. इंटरनेटवर आणि काही पाठ्यपुस्तकांत मात्र ‘जगातील पहिला जैववायू प्रकल्प १८५९ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसाहतीत’ असे वाक्य सर्रास फिरते. त्यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. कारण तो आश्रम पालिका आयुक्त अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झाला. वडाळ्याचे आजचे अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. जो आश्रमच नव्हता त्यात एकतीस वर्षे आधी वायू कुठून येणार?

पुढे १९३०च्या दशकात दादरच्या मलशुद्धीकरण केंद्रात गाळातून वायू काढला जाऊ लागला. ते पाहून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतील एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र आणले आणि विलेपार्ल्यात मुख्यालय असलेल्या खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस गावोगाव नेला. म्हणजे मैल्याचा वायू दादरहून निघून शेणाच्या रूपाने गावात पोहोचला.

मग अडचण कुठे आहे?

अडचण वेळेची आहे. पचनाच्या साखळीत तीन-चार पायऱ्या असतात. आधी घन कणांचे विरघळणाऱ्या पदार्थांत रूपांतर होते. मग त्यांची आम्ले बनतात, त्यातून अॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन, आणि शेवटी मिथेन. गाळाच्या बाबतीत पहिलीच पायरी सगळ्यात हळू चालते. कारण या गाळाचा मोठा भाग म्हणजे जिवाणूंचेच शरीर. त्यांच्या पेशींना चिवट भिंती असतात आणि त्या एकमेकींना चिकट द्रवाने बांधलेल्या असतात. ती भिंत फुटल्याशिवाय आतले प्रथिन बाहेर येत नाही. त्यामुळे साध्या टाकीत गाळाला वीसेक दिवस ठेवावे लागते आणि तरीही निम्म्याहून अधिक सेंद्रिय भाग तसाच बाहेर पडतो.

यावर उपाय म्हणजे पूर्वप्रक्रिया. चणे न भिजवता, न शिजवता खाल्ले तर जे होते ते गाळाचे टाकीत होते. म्हणून आधी शिजवा, मग पचवा.

शिजवण्याचे बरेच प्रकार आहेत. सर्वात रुळलेला प्रकार प्रेशर कुकरसारखा आहे. गाळ वाफेने साधारण १६५ अंश सेल्सिअसपर्यंत, हवेच्या सुमारे सहापट दाबाखाली, वीस ते तीस मिनिटे ठेवायचा आणि दाब एकदम सोडायचा. पेशी आतून फुटतात. (घरातला कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो.) या औष्णिक पद्धतीचे पहिले मोठे संयंत्र नॉर्वेतील हामारजवळ १९९५ मध्ये सुरू झाले. नंतर लंडन-मँचेस्टरपासून वॉशिंग्टनपर्यंत अनेक शहरांनी ती घेतली.

दुसरा मार्ग यांत्रिक. त्यात मुंबईचे नाव आदराने घेतले जाते. माटुंग्याच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी ‘कॅव्हिटेशन’वर वर्षानुवर्षे काम केले आहे. द्रव अरुंद भोकातून वेगाने नेला की त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना क्षणभर प्रचंड उष्णता आणि दाब निर्माण होतो. तो दणका पेशींची भिंत तोडायला वापरता येतो. अल्ट्रासाउंडनेही हेच साधते, पण वीज जास्त लागते.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्रही याच विचाराचे आहे. ते स्वयंपाकघरातील कचऱ्यासाठी आहे, मैल्यासाठी नाही. पण त्यात मुख्य टाकीआधी एक वेगळी टाकी असते. तिथे सौर उष्णतेने तापवलेले गरम पाणी आणि हवा यांच्या मदतीने उष्णताप्रिय जिवाणू कचरा मऊ करून देतात. १६५ अंशांची गरज नाही, वेळ थोडा जास्त लागतो.

मॉडेल कशासाठी? टाकी बांधून बघता येत नाही का?

टाकी बांधून बघायला काही शे कोटी लागतात आणि पचनाची टाकी एकदा बिघडली की ती सुधारायला महिने जातात. म्हणून आधी संगणकावर पचवायचे.

जगभर यासाठी जे मॉडेल प्रमाण मानले जाते त्याचे नाव ‘विनॉक्सी पचन मॉडेल क्रमांक १’, तंत्रज्ञांच्या बोलीत ‘एडीएम-१’. आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या गटाने ते २००२ मध्ये प्रसिद्ध केले. डेमियन बॅटस्टोन हे त्या गटाचे प्रमुख लेखक. त्याआधी प्रत्येक संशोधक आपापले समीकरण घेऊन फिरत होता, एकाच्या निकालाची दुसऱ्याशी तुलना करणे कठीण होते.

एडीएम-१ मध्ये १९ जैविक प्रक्रिया आहेत. एक गाळाचे कण सुटे होण्याची. तीन त्यातून निघालेली कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फुटण्याच्या. आठ वेगवेगळ्या जिवाणू गटांच्या खाण्याच्या. आणि सात त्याच जिवाणूंच्या मरण्याच्या. हे सगळे २४ चलांमध्ये बांधलेले असते, म्हणजे साखर किती, अॅसिटेट किती, अमुक जिवाणू किती, असा २४ रकान्यांचा जमाखर्च दर क्षणाला चालतो. शिवाय पाण्यातली आम्लता आणि द्रवातून वायूत जाणारा अंश यांचा हिशेब वेगळा.

बिचकू नका. पूर्वप्रक्रियेने काय बदलते हे समजायला या सगळ्याची गरज पडत नाही. दोनच आकडे पुरतात. पहिला म्हणजे गाळातला किती भाग कितीही वेळ दिला तरी जास्तीत जास्त पचू शकतो. याला आपण ‘मर्यादा’ म्हणू. दुसरा, तो भाग रोज किती वेगाने पचतो. हा ‘वेग’.

सतत ढवळल्या जाणाऱ्या टाकीसाठी हिशेब असा मांडतात : वेगाला दिवसांनी गुणा, त्या उत्तराला त्यात एक मिळवून आलेल्या संख्येने भागा आणि मर्यादेने गुणा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला केमिकलवाल्यांना हे पाठ असते.

उदाहरणासाठी आकडे गृहीत धरू. साध्या गाळाची मर्यादा ४५ टक्के, वेग दिवसाला ०.२, टाकीत मुक्काम २० दिवस. वेग गुणिले दिवस म्हणजे ४. चार भागिले पाच म्हणजे ०.८. त्याला ४५ टक्क्यांनी गुणले की पचलेला भाग ३६ टक्के.

आता शिजवलेला गाळ. मर्यादा ५५ टक्के, वेग ०.५ आणि मुक्काम फक्त १२ दिवस. ०.५ गुणिले १२ म्हणजे ६. सहा भागिले सात आणि गुणिले ५५ टक्के, उत्तर ४७ टक्के. दिवस ४० टक्क्यांनी कमी झाले, तरी पचन वाढले.

इथे एक बारीक पण महागडी गोष्ट आहे. काही पूर्वप्रक्रिया फक्त वेग वाढवतात, मर्यादा तशीच ठेवतात. अशा वेळी टाकी छोटी करता येते, पण आधीच मोठी टाकी बांधलेली असेल तर फायदा जवळपास शून्य. विक्रेता प्रयोगशाळेतला ‘पाच दिवसांत दीडपट वायू’ असा आलेख दाखवतो तेव्हा विचारायचा प्रश्न हाच, की तिसाव्या दिवशी दोन्ही रेषा एकत्र येतात की नाही. आल्या तर फक्त वेग वाढला होता.

वायू वाढतो, मग ऊर्जेचा फायदा किती?

इथे जाहिरात आणि गणित वेगळे होतात.

समजा एक टन घट्ट गाळ घेतला ज्यात १६० किलो कोरडा भाग आहे. त्यातला ७० टक्के सेंद्रिय, म्हणजे ११२ किलो. तो पूर्ण ऑक्सिडाइज करायला किलोमागे दीड किलो ऑक्सिजन लागतो असे धरू. म्हणजे १६८ किलो. असा एक किलो पचला की ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, हा रसायनशास्त्राचा पक्का आकडा आहे. ३६ टक्के पचनाला २१.२ घनमीटर मिथेन मिळतो, ४७ टक्के पचनाला २७.७. वाढ साडेसहा घनमीटरची. उष्णतेच्या हिशेबात सुमारे ६५ युनिट.

आता खर्च. हाच एक टन गाळ २८ अंशांवरून १६५ वर न्यायला जवळपास १५९ युनिट उष्णता लागते. मिळाले ६५, गेले १५९. म्हणून दाब सोडल्यावर निघणारी वाफ पुढच्या गाळाला तापवायला परत वापरतात. ती गाळाला साधारण ९७ अंशांपर्यंत नेते असे धरले तर वरून द्यायची उष्णता निम्मी, म्हणजे ८० युनिट होते. तरी हिशेब तोट्याचा.

पण साध्या टाकीलाही उष्णता लागतेच. तिच्यात गाळ पातळ, म्हणजे ५ टक्के घन भागाचा असतो. तोच १६० किलो कोरडा गाळ तिथे ३.२ टन पाण्यासह येतो आणि ते सगळे ३७ अंशांपर्यंत तापवावे लागते. शिजवलेला गाळ आधीच गरम असल्यामुळे हा खर्च वाचतो. नॉर्वेत गाळ १२ अंशांवर येत असेल तर वाचतात सुमारे ९३ युनिट. मुंबईत गाळ २८ अंशांवरच येतो. वाचतात फक्त ३३.

बेरीज करा. थंड देशात ६५ अधिक ९३, वजा ८० : शिल्लक ७८ युनिट. मुंबईत ६५ अधिक ३३, वजा ८० : शिल्लक १८. टाकीच्या भिंतीतून होणारी गळती आणि इंजिनाच्या धुराड्यातून परत मिळणारी उष्णता यात धरलेली नाही. ती धरली की दोन्ही आकडे बदलतील, पण त्यांच्यातला फरक उरेल. युरोपातून आलेल्या प्रस्तावातला ऊर्जेचा नफा मुंबईत जसाच्या तसा मिळणार नाही. आपल्या उकाड्याने तो आधीच खाल्लेला आहे.

आणि गाळ आधी नीट घट्ट केला नाही तर? पाच टक्क्यांचाच पातळ गाळ शिजवायला घेतला तर टनामागे सगळा मिळून मिथेन सुमारे ८६ युनिटांचा आणि तापवायला लागणार १५९. पाणी उकळण्याचा कारखाना. त्यामुळे या तंत्राचे यश बऱ्याच अंशी आधीच्या सेंट्रिफ्यूजवर, गाळ पिळणाऱ्या यंत्रावर ठरते, ज्याचा फोटो उद्घाटनाच्या दिवशी कोणी काढत नाही.

मग मुंबईने हे करावे का?

माझे उत्तर हो असे आहे, पण कारण वायू हे नाही. कारण जागा आणि डंपर.

जागेचे पाहू. मालाडचा ११३ टन कोरडा गाळ ५ टक्के पातळ स्थितीत दिवसाला २,२६० घनमीटर होतो. २० दिवसांच्या मुक्कामाला टाक्यांची क्षमता हवी ४५ हजार घनमीटर. शिजवलेला गाळ पातळ करून १० टक्क्यांवर घेतला तरी दिवसाला १,१३० घनमीटर आणि १२ दिवसांना साडेतेरा हजार. ऑलिम्पिक आकाराचा जलतरण तलाव साधारण अडीच हजार घनमीटरचा असतो. अठरा तलावांऐवजी साडेपाच. एका बाजूला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला टॉवर, अशा शहरात हा फरक वायूच्या पैशांपेक्षा मोठा आहे.

आता डंपर. साध्या पचनानंतर ११३ पैकी सुमारे साडेचौऱ्याऐंशी टन कोरडा गाळ उरतो आणि पिळून २० टक्के घट्ट झाला तर केक ४२३ टन. शिजवलेला गाळ पाणी सहज सोडतो, त्यामुळे तो ३० टक्क्यांपर्यंत घट्ट होतो. सुमारे ७६ टन कोरडा भाग, केक २५२ टन. न पचवता ५६, साधे पचवून ४२, शिजवून २५ फेऱ्या. शिवाय १६५ अंशांना जंत आणि रोगजंतू मरतात, त्यामुळे तो गाळ शेतात खत म्हणून देण्याचा मार्ग मोकळा होऊ शकतो, जड धातूंचे प्रमाण मर्यादेत असेल तर. देवनार आणि कांजूरमार्गच्या कचराभूमींची अवस्था पाहता गाळाला तिसरी जागा लागणारच आहे.

मॉडेल कुठे चुकू शकते?

पहिली जागा अमोनियाची. पेशी फुटल्या की प्रथिने सुटतात, प्रथिनांतून अमोनिया. गाळ घट्ट असल्याने त्याची तीव्रताही जास्त. मिथेन बनवणारे, विशेषतः अॅसिटेट खाणारे जिवाणू त्याला दबतात. एकूण मिथेनपैकी साधारण ७० टक्के मिथेन याच गटाकडून येतो असे मानले जाते, त्यामुळे ते मंदावले की आम्ल साचते, टाकी आंबट होते आणि बाकीचेही थांबतात. एडीएम-१ मध्ये अमोनियाच्या दबावाचे समीकरण आहे, पण त्यातला आकडा पुस्तकातून उचलला तर मॉडेल अनेकदा गरजेपेक्षा जास्त घाबरते. जुन्या टाकीतले जिवाणू काही महिन्यांत अमोनियाला सरावतात. पुस्तकातल्या आकड्याला हा सराव माहीत नसतो.

दुसरी जागा करपण्याची. १७०-१८० अंशांच्या पुढे साखर आणि प्रथिने एकमेकांशी जुळून तपकिरी संयुगे बनतात, पावाच्या कडेला बनतात तशीच. ती जिवाणूंना पचत नाहीत. मर्यादेचा आकडा वाढण्याऐवजी खाली येऊ लागतो आणि पिळलेल्या पाण्याचा रंग चहासारखा होतो. ते पाणी केंद्राच्या सुरुवातीला परत जाते, सोबत अमोनियाही नेते. म्हणजे गाळाच्या टाकीत केलेल्या बदलाची किंमत पाण्याच्या टाकीत चुकती करावी लागते. म्हणूनच गाळाचे मॉडेल एकटे चालवून उपयोग नाही. बायोविन किंवा जीपीएस-एक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण केंद्र जोडून चालवतात ते याचसाठी.

तिसरी जागा अगदी आपली आहे : समुद्र आणि पाऊस. खाडीकाठच्या वाहिन्यांत भरतीचे पाणी शिरते तिथे सल्फेटही शिरते. सल्फेट खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांचा घास पळवतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो इंजिनाला गंज चढवतो. मूळ एडीएम-१ मध्ये गंधकाचे हे चक्र नाहीच, ते वेगळे जोडावे लागते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आणि माती मलवाहिन्यांत येते. गाळात माती वाढली की त्याचा सेंद्रिय भाग घटतो. वर आम्ही ७० टक्के धरला, तो जुलैत ५५ झाला तर वायूचा पूर्ण हिशेब खाली येतो, पण तापवायचा खर्च तोच राहतो. मुंबईसाठीचे मॉडेल वार्षिक सरासरीवर चालवले तर जूनमध्येच ते उघडे पडेल.

हे दोन आकडे मिळतात कुठून?

बाटलीतून. गाळाचा नमुना आणि चालू टाकीतले जिवाणू एका बंद बाटलीत ३५-३७ अंशांवर ठेवतात आणि रोज किती मिथेन निघाला ते मोजतात. शेजारच्या बाटलीत फक्त जिवाणू असतात, त्यांचा स्वतःचा वायू वजा करायला. रोज मोजलेल्या या वायूच्या बेरजेचा आलेख आधी भराभर चढतो, मग सपाट होतो. सपाट झालेली उंची म्हणजे मर्यादा, चढाचा तिरकसपणा म्हणजे वेग. खर्च फार नाही, महिनाभर संयम लागतो.

मात्र मोठ्या टाकीतला वेग बाटलीतल्या वेगापेक्षा बरेचदा जास्त निघतो, कारण टाकीतले जिवाणू त्या गाळाला सरावलेले असतात. मर्यादेचा आकडा त्या मानाने बाटलीतून विश्वासार्ह मिळतो. म्हणून बाटलीवरून मर्यादा घ्यायची आणि वेग चालू टाकीच्या नोंदींवरून जुळवायचा, ही पद्धत रूढ झाली. चारकोपसारख्या छोट्या केंद्राचा गाळ यासाठी उपयोगी पडू शकतो. तो याच वस्तीचा आहे आणि आजच उपलब्ध आहे. एप्रिलचा एक नमुना, जुलैचा एक, आणि दोन्हींच्या शिजवलेल्या व न शिजवलेल्या बाटल्या. एप्रिलच्या आकड्यांवर मॉडेल बसवायचे आणि जुलैचे निकाल झाकून ठेवून त्याला विचारायचे, की आता किती वायू निघेल.